आडवा बाहुला

दुसऱ्या महायुद्धाच्या चौथ्या वर्षी, नवरात्राच्या सहाव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास कुंभकोणममधल्या आमच्या घरी मांडलेल्या कोलूच्या सर्वांत वरच्या पायरीवर एक बाहुला आडवा आढळला. तो मी ठेवला होता. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. वेळ तीनचीच होती हे मी खात्रीने सांगू शकते, कारण आमच्या मागच्या गल्लीत पितळी भांडी ठोकणारे कारागीर जेवणासाठी थांबत आणि बरोबर तीनला पुन्हा हातोडे उचलत. पहिले चार-पाच ठोके पडले आणि अत्याबाई सुंडलचे, म्हणजे प्रसादाच्या उकडलेल्या कडधान्याचे, पातेले घेऊन आत आल्या.

कोलू म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. आमच्या सात पायऱ्या असत. खाली विटा, मध्ये दोन ट्रंका, वर फळ्या, आणि सगळ्यावर अप्पांचे धुतलेले पांढरे धोतर. वर कलश आणि देव, त्याखाली राजे, त्याखाली वाणी, गवळणी, वरात. सगळ्या बाहुल्या उभ्या किंवा बसलेल्या. आडवी एकही नाही. त्याला कारण होते. विजयादशमीला दिवेलागणीनंतर घरातली मोठी बाई त्यांतली एक बाहुली उचलून पायरीवर निजवी. बाहुली निजली म्हणजे कोलू संपला. दुसऱ्या दिवशी सगळ्या कागदात गुंडाळून ट्रंकेत जात. त्याआधी बाहुली निजवायची वेळ एकाच प्रसंगी येई, घरात मृत्यू झाला तर. आमच्या घरी ती एकदा आली होती. माझी आई नवरात्राच्या चौथ्या दिवशी गेली, तेव्हा अत्याबाईंनी कलशाजवळची एक बाहुली आडवी केली आणि मगच त्या शेजाऱ्यांना बोलवायला बाहेर पडल्या. मी तेव्हा तीन वर्षांची होते. मला ते आठवत नाही. मला ते सांगण्यात आले.

अत्याबाई म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. आई गेल्यावर घर त्यांच्याकडे आले. अप्पा मुन्सिफ कोर्टात नकलनवीस होते. दिवसभर दुसऱ्यांच्या भांडणांच्या प्रती उतरवून काढत, आणि घरी आल्यावर फार थोडे बोलत. माझी बहीण तुळजाक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला लहानपणी ताप आला होता, त्यात दोन्ही पाय गेले. पाय होते, पण त्यांत जोर नव्हता. ती दोन्ही हात जमिनीला टेकून बसल्या-बसल्या सरकत असे. स्वयंपाकघर, ओसरी, परसातली विहीर, सगळीकडे ती अशीच जाई. मधला उंबरा मात्र उंच होता. तेथे थांबून ती हाक मारी आणि अत्याबाई येऊन तिला उचलून पलीकडे ठेवीत. ती सोळा वर्षांची झाली तरी त्याच उचलत. माझे वय तेव्हा तिला उचलण्याचे नव्हते.

पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर दक्षिणेत आलेले, म्हणून घरात आम्ही मराठी बोलत असू. बाहेर सगळे तमिळ. आमचे मराठी जुने आहे हे मला फार उशिरा कळले. पुढे पुण्याच्या एका वर्तमानपत्रात मी कामाला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी शिपायाला म्हणाले, "उगा राहा, मज लिहूं दे," आणि सगळे टेबल हसले. त्या घरातले बोलणे येथे मी शक्यतो जसे होते तसे देत आहे.

त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या होत्या. तांदूळ मिळेनासा झाला होता आणि सकाळी बऱ्याचदा नाचणीची कांजी असे. मद्रासच्या बंदरात कामाला असलेला मामा दोन दिवसांसाठी येऊन गेला होता. आणि दूरच्या एका गावातल्या मिशनच्या इस्पितळातून अप्पांना पत्र आले होते.

पत्र इंग्रजीत होते. अप्पांनी ते ओसरीवर उभे राहून दोनदा वाचले, मग आम्हाला अर्थ सांगितला. तेथल्या डॉक्टरीणबाई लिहीत होत्या की लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे बूट पायांना बांधून, काखेत काठ्या घेऊन अशी मुलगी उभी राहू शकते, काही पावले चालूही शकते. पट्ट्या घडवणारा कारागीर दिवाळीपर्यंतच तेथे होता. त्याआधी यावे, आणि मापे आधी पाठवावीत. कंबरेपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच, दोन्ही पायांची, वेगवेगळी.

मापे घेतली तो दिवस मला आठवतो. अप्पांनी कोर्टातून फूटपट्टी आणली होती. तुळजाक्का चटईवर पाय पसरून बसली. अत्याबाईंनी दोऱ्याचे एक टोक तिच्या कंबरेशी धरले, दुसरे अप्पांनी टाचेपर्यंत ओढले. डावा पाय उजव्याहून एक इंच आखूड निघाला. अप्पांनी पुन्हा मोजला. तेवढाच आला.

"आखूड लिहूं नको," अत्याबाई म्हणाल्या. "वाईट दिसतें."

"अक्का, आखूड आहे तर आखूडच लिहावें लागेल," अप्पा म्हणाले.

"मग तो लोहार एक पट्टी लहान करील?"

"त्याकरितांच विचारलें आहे."

अत्याबाईंनी दोरा गुंडाळून कनवटीला खोवला. त्या बरोबर जाणार होत्या. तुळजाक्काला अंघोळ घालणे, कपडे बदलणे, गाडीत चढवणे हे दुसऱ्या कोणाला जमणारे नव्हते. अप्पांनी दसऱ्यानंतरची रजा मागितली होती आणि ती मंजूर झाली होती. तुळजाक्का त्या दिवसांत उंबऱ्याशी थांबली की हाक मारण्याआधी थोडा वेळ नुसती त्याच्याकडे बघत बसे.

मामाने आणलेल्या वस्तूंत साबणाची एक वडी आणि चित्रांची तीन पुस्तके होती. बंदरावर उतरलेल्या अमेरिकन सोल्जरांनी वाचून टाकलेली. कागद पिवळा, रंग भडक, दोन पुस्तकांची कव्हरे गेलेली. पानभर चौकटी, आणि माणसांच्या तोंडातून फुगे निघून त्यांत अक्षरे. अंगाला घट्ट चिकटलेल्या कपड्यांतली माणसे घरांवरून उडत होती. अत्याबाईंनी एक पान लांब धरून पाहिले.

"ह्यांस कोणी शिकविलें नाही कायगे? लंगोट आंत घालावा कीं विजारीवर?"

"घाईंत निघतात ते, अत्या," तुळजाक्का म्हणाली. "कोणी बुडतें, कोणी जळतें. कपडे पाहायला वेळ कोठें?"

"वेळ नाही तर चड्डीच घालूं नये. विजार पुरे."

तुळजाक्काला अप्पांनी घरीच इंग्रजी शिकवले होते. ती कोश घेऊन ही पुस्तके वाचू लागली. दुपारी मी तिच्या मांडीला टेकून बसे आणि ती मला फुग्यांतले मराठीत सांगे. पण आठ दिवसांत तिचे लक्ष गोष्टीवरून उडाले. कोण चोर, कोण राजकन्या, याच्याशी तिला देणे-घेणे राहिले नाही. ती फक्त एकच बघू लागली: हा माणूस उडतो तो कसा. त्यासाठी तिने कोर्टाच्या वाया गेलेल्या कागदांची एक वही शिवली आणि त्यात लिहून ठेवू लागली.

पहिला हिरव्या कपड्यांतला होता. तिने एक बोट चौकटीवर ठेवून मला दाखवले. "हे पाहा, वर जाण्याआधीं गुडघे वांकवतो. हा उडत नाही. उडी मारतो. लांब उडी, एवढेंच. आपला मारुतीही डोंगर दाबून मगच निघाला." वहीत तिने लिहिले: पायांच्या जोराने. आणि पुढे फुली मारली.

दुसऱ्याच्या पाठीला चामड्याच्या पट्ट्यांनी पंख बांधलेले होते. त्याचे तिला काही दिवस बरे वाटले. पट्ट्या बांधायच्या, हे तिच्या कल्पनेत बसत होते. मग तिने पाहिले की प्रत्येक वेळी तो गच्चीवरून धावत येतो आणि मग कठड्यावरून झेप घेतो. पुन्हा फुली.

तिसऱ्याच्या कमरपट्ट्याला एक चकती होती. ती फिरवली की तो वर जाई. एका पानावर चोरांनी त्याला खुर्चीला करकचून बांधले होते. त्याने कशीबशी चकती फिरवली आणि तो खुर्चीसकट छपरातून बाहेर गेला. हे चित्र तिने मला किती वेळा दाखवले याची मोजदाद नाही. "बसल्या-बसल्या गेला, सोनू. बसल्या-बसल्या!" पण गोष्टीच्या शेवटी चकती भिजून बिघडली आणि तो समुद्रात पडला. तिने फुली मारली नाही. नुसते लिहिले: बिघडते.

चौथा निळा होता. त्याच्याजवळ पंख नव्हते, पट्टा नव्हता, पाठीवर झूल नव्हती. तो गुडघे वाकवत नव्हता. हात पुढे करून तो हवेवर पालथा पडे आणि निघे. तुळजाक्काने भिंग लावून त्याचे पाय पाहिले. प्रत्येक चौकटीत ते सरळ, जुळलेले, मागे. "ह्याचे पाय कांहीं करीत नाहीत," ती म्हणाली. "नुसते मागून येतात." हा असा कसा उडू लागला ते पुस्तकाच्या आरंभी सांगितले असणार. पण आरंभीची दोन पाने फाटलेली होती. मामाला पत्र लिहून विचारले. त्याने उत्तर पाठवले की जहाज गेले, सोल्जर गेले, तसले पुस्तक आता दिसत नाही. वहीत तिने लिहिले: कारण असावे. पान नाही.

दर वर्षी कोलूत एक तरी नवी बाहुली हवी असा आमच्याकडे रिवाज. त्या वर्षी तिने चौथा करायला घेतला. जुने कागद भिजवून कुटले, चिंचोक्याची खळ घातली, खडूची पूड चोळली. उन्हात चार दिवस वाळवला. पाय करताना ती फार वेळ घेत होती. वीतभर लांब, पालथा, हात पुढे. रंग निळीचा. अत्याबाईंच्या म्हणण्यावरून विजारीवरचा लंगोट गाळला.

प्रश्न तो मांडायचा कसा हा होता. उभा केला तर तो उडत नव्हता, आणि आडवा ठेवणे शक्य नव्हते. अत्याबाईंनी तोड काढली. "पायरीवर नको. वर तुळईच्या कडीस टांगा. टांगलेलें निजलेलें नव्हे." मग एक रेशमी दोरा त्याच्या पाठीतून ओवून तो सर्वांत वरच्या पायरीच्या डाव्या टोकावर, कलशापासून हातभर दूर, टांगण्यात आला. वाऱ्याने तो हळूहळू फिरे. कधी तोंड भिंतीकडे होई.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका येत. मी त्यांना कुंकू देई, कारण अत्याबाई विधवा म्हणून देत नसत आणि तुळजाक्काचा हात उभ्या बायकांपर्यंत पोचत नसे. तुळजाक्का पायऱ्यांशेजारी बसून गाणी म्हणे, आणि अत्याबाई आतून केळीच्या पानावर सुंडल पाठवीत. पहिल्या दिवशी हरभरे, दुसऱ्या दिवशी चवळी, असे रोज वेगळे धान्य, वर खोबरे आणि कढीपत्ता. त्या वर्षी खोबरे कमी होते. पाचव्या दिवशी शेजारच्या कामाक्षी मामी आल्या. त्यांना सगळ्यांची थट्टा करायची सवय होती, त्यात वाईट काही नसे. त्यांनी मान वर करून निळ्याकडे पाहिले आणि तमिळमध्ये विचारले, "हा कोण गे, फाशी दिलेला?"

"हा उडतो, मामी," तुळजाक्का म्हणाली.

"उडतो? दोरा काप बघू. कसा उडतो ते आम्हीही पाहू."

सगळ्या हसल्या. तुळजाक्काही हसली. त्या रात्री वहीत तिने काही लिहिले नाही. सकाळी मात्र ती मला म्हणाली, "मामी बोलली तें खरें. दोरा दिसतो. तो टांगला आहे, उडत नाही."

सहाव्या दिवशी दुपारी तुळजाक्का परसात विहिरीशी होती. अत्याबाई चुलीशी. मी ट्रंकेच्या कडेवर चढले आणि दोरा सोडला. कुंकवाचा रिकामा लाकडी करंडा वरच्या पायरीवर, जरा आत, उपडा ठेवला आणि त्यावर निळ्याला पोटावर ठेवले. मग खाली उतरून तुळजाक्का रोज बसे त्या जागी जमिनीवर बसले आणि वर पाहिले. पायरीच्या कडेला धोतराची घडी उंच आली होती. तिच्याआड करंडा दिसत नव्हता. निळा कशालाही न टेकता हवेत होता.

मी तुळजाक्काला हाक मारली. ती हात टेकत आली, उंबऱ्याशी थांबली. अत्याबाईंनी येऊन तिला पलीकडे ठेवले आणि वर न पाहता त्या सुंडल उतरवायला परत गेल्या. तुळजाक्का आपल्या जागी आली. तिने वर पाहिले. मग म्हणाली, "दोरा नाही."

"नाही."

"सोनू, हा उडला गे."

मागच्या गल्लीतले हातोडे सुरू झाले. अत्याबाई पातेले घेऊन आल्या. त्या उभ्या होत्या. वरची पायरी त्यांच्या छातीला लागत होती.

वर्तमानपत्रात मी बत्तीस वर्षे बातम्या तपासल्या. नव्या वार्ताहराला मी पहिला प्रश्न हाच विचारत असे की साक्षीदार कोठे होता, उभा होता की बसला होता. त्यांना तो प्रश्न विचित्र वाटे.

अत्याबाईंनी पातेले खाली ठेवले. ते पडले नाही, सांडले नाही. त्या म्हणाल्या, "कोणी निजविला?"

मी बोलले नाही.

"मी," तुळजाक्का म्हणाली.

तिचा हात तिसऱ्या पायरीच्या वर पोचत नसे. हे आम्हा तिघींना ठाऊक होते. अत्याबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा तिच्याकडे.

"तो निजला नाही, अत्या. उडतो. खालीं बसून पाहा. एकदां येथें माझ्याजवळ बसा."

"मी बसत नाही."

"एकदां बसा, मग काय तें बोला."

"मीच निजविली होती त्या दिवशीं," अत्याबाई म्हणाल्या. "माझ्या हातानें. तुझी आई आंत होती. मज कोणी सांगावें निजलेलें कसें दिसतें?"

त्या बसल्या नाहीत. त्यांनी निळ्याला उचलून माझ्या हातात दिले, करंडा उचलला, पायरीवरचे धोतर हाताने सारखे केले. सुंडल त्या संध्याकाळी वाटण्यात आली. मुगाची होती.

अप्पा सहाला आले. चपला काढल्या, पाय धुतले, कॉफी घेतली. अत्याबाईंनी त्यांना ओसरीवर सांगितले. आम्हाला आत ऐकू येत होते.

"ह्या वर्षीं मी ह्या पोरीस घेऊन कोठें जाणार नाही."

"अक्का, बाहुला कागदाचा आहे."

"त्या दिवशींची तीही मातीचीच होती."

"कारागीर दिवाळीनंतर राहत नाही. मापें गेलीं आहेत."

"तूं ने. मी येत नाही. वाटेंत कांहीं झालें तर मज पुन्हा निजवायाचें बळ उरलें नाही."

अप्पा त्यांच्यावाचून तिला नेऊ शकत नव्हते, आणि ते त्यांना माहीत होते. मग ते म्हणाले, "पुढच्या वर्षीं पाहूं." तुळजाक्काने त्यांना हाक मारली नाही. तिच्या आणि ओसरीच्या मध्ये उंबरा होता. बाहुला मी ठेवला, त्याखाली करंडा होता, हे मी बाहेर जाऊन सांगू शकले असते. मी तिच्याजवळ बसून राहिले. सांगून फरक पडला असता का, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा जवळच्या मरुदानल्लूर गावी भजनाला गेले आणि चालतच परत आले. मग त्यांनी इस्पितळाला पत्र लिहिले. घरात अडचण आहे, यंदा येणे होत नाही, कारागीर पुन्हा केव्हा असेल ते कळवावे. रजा त्यांनी रद्द करून घेतली.

विजयादशमीला दिवे लागल्यावर आम्ही अत्याबाईंची वाट पाहिली. त्या आल्या, आरती केली, आणि बाहुलीला हात न लावता आत जाऊ लागल्या. अप्पांनी विचारले. त्या म्हणाल्या, "निजवून झालें आहे." त्या वर्षी बाहुल्या उभ्याच्या उभ्या कागदात गुंडाळल्या गेल्या. निळा तुळजाक्काने स्वतः गुंडाळला.

इस्पितळाचे उत्तर दिवाळीनंतर आले. एक कार्ड. कारागीर सैन्याच्या कारखान्यात गेला, त्याच्या जागी कोणी नाही, मापे जपून ठेवली आहेत. पुढच्या वर्षी अप्पांनी पुन्हा लिहिले. डॉक्टरीणबाई मायदेशी परतल्या होत्या. पत्रावर सही दुसऱ्याची होती. त्यानंतर अप्पांनी लिहिल्याचे मला आठवत नाही आणि त्यांच्या कागदांत तशी नक्कल सापडली नाही. ते प्रत्येक पत्राची नक्कल ठेवत.

तुळजाक्का त्याच घरात राहिली. गल्लीतल्या तीन पिढ्यांच्या मुलांना तिने इंग्रजी शिकवले. मधला उंबरा अप्पांनी स्वातंत्र्यानंतर सुताराकडून काढून घेतला. म्हातारपणी अत्याबाईंचे गुडघे गेले आणि त्याही जमिनीवर बसूनच घरभर सरकू लागल्या. तेव्हा कोलू पाच पायऱ्यांचा झाला होता. निळा बाहुला त्यात मांडला जात नव्हता.

तुळजाक्का गेली तेव्हा मी पुण्याहून गेले. तिच्या ट्रंकेत इस्पितळाचे कार्ड होते, दोऱ्याचे एक रीळ होते, आणि कोर्टाच्या कागदांची वही होती. निळ्याचा एक हात तुटलेला होता. वहीत चार प्रकार मला ठाऊक होते तसेच होते, दोन फुल्यांसकट. त्यांच्याखाली वेगळ्या शाईत पाचवा होता. अक्षर तिचेच. तारीख नाही.

५. खालून पाहिल्यास.

पुढची पाने कोरी आहेत.